नट आवळला होता ना?

मी वणीचा रशीद मिस्त्री. वरोऱ्याच्या रस्त्याला माझे थोरले भाऊ हमीदभाई आणि मी, असं आमचं दोघांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या साली आम्ही ते टाकलं. राजूरच्या खाणीतला कोळसा आणि जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी वाहणारे ट्रक आमच्याकडे येतात. माझं शिक्षण मराठी सातवीपर्यंत. घरात आमची उर्दू आणि वऱ्हाडी अशी मिसळ चालते, पण लिहायला मला मराठीच सोपी जाते.

मला जो आजार झाला त्यात ताप नव्हता, खोकला नव्हता, कुठे सूज नव्हती. त्यामुळे तो आजार आहे हे कळायलाच फार वेळ गेला. असं आणखी लोकांना होतं आणि त्याला डॉक्टर असतात, एवढं जरी तेव्हा कुणी सांगितलं असतं, तरी माझे आणि घरच्यांचे पुष्कळ हाल वाचले असते. म्हणून हे लिहितो. औषधांची माहिती मला सांगता यायची नाही. अंगावर आलं तेवढं सांगतो.

सुरुवात कशी झाली

लोक विचारतात, काही अपघात झाला होता का? नाही. आमच्या हातून गेलेल्या एकाही गाडीचं चाक कधी निघालं नाही. उन्हाळ्यातली एक दुपार होती. ट्रक दुरुस्त करून पाठवला, हात धुतले आणि जेवायला बसणार तेवढ्यात मनात आलं, डाव्या चाकाचे नट आवळले होते ना? आवळले होते. पाना माझ्याच हातात होता. तरी घास गिळवेना. चाक निघालं, ट्रक उलटला, खाली माणूस सापडला, असं सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. संध्याकाळी ट्रक सुखरूप परतला तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग रोज.

सुरुवातीला लोकांनी कौतुकच केलं. मी नट आवळायचो, पुन्हा आवळायचो, गाडीभोवती फिरून परत पहिल्या चाकापाशी यायचो. ड्रायव्हर म्हणायचे, "रशीदचं काम लय पक्कं." मलाही बरं वाटायचं. हळूहळू तेच ड्रायव्हर खोळंबायला लागले. हॉर्न वाजवायचे, बिड्या संपवायचे, शेवटी हमीदभाईंकडे तक्रार करायचे. एकदा मी एक नट इतक्या वेळा आवळला की त्याचे आटेच गेले. हमीदभाईंनी तो हातावर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि नवा बसवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गोष्टीची भीती होती, ती माझ्या काळजीनंच घडत होती.

मग हे गॅरेजच्या बाहेर आलं. घराची कडी लागली का, चूल विझली का. नमाजाआधी वुजू करताना हात कोपरापर्यंत नीट धुतले का, कोरडी जागा राहिली का, या शंकेपायी मी हौदावरच बसून राहायचो आणि आत नमाजाला जमात उभी राहायची. आमच्याकडे याला शब्द आहे, वसवसा. मनात येऊन कुजबुजणारी शंका. आमच्या मशिदीतले हाफिजजी वयस्कर, शांत माणूस. त्यांनी एक दिवस माझ्या हातातला तोटीचा बधना काढून घेतला.

"बेटा, धुतले हात. झालं. अल्लानं जेवढं मागितलं त्याच्यावर तू कायले वाढवून राह्यला?"

"हाफिजजी, मन मानत नाही."

"मग हे इबादत नाही. हे दुखणं आहे. दुखण्याचा इलाज करा लागते."

त्यांच्या तोंडून 'दुखणं' हा शब्द आला, हे माझं नशीब. पण तेव्हा मी तो तसाच सोडून दिला. भाभींनी कुठून तरी तावीज आणून दंडावर बांधला. त्यांची माया मी विसरणार नाही. फक्त पुढे काय झालं ते सांगतो: त्या तावीजाची गाठ सुटली तर नाही ना, हे मी दिवसभर चाचपत राहिलो.

राजूरचा रस्ता

सगळ्यात जास्त सोसलं ते माझ्या बायकोनं, नसीमनं. ती पांढरकवड्याची. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मी घरी आलो की तिला विचारायचो, "मी नट आवळले असतील ना?" ती म्हणायची, "आवळले असतील." "नक्की?" "नक्की." "तुला काय माहीत? तू होती का तिथं?" मग ती उठून चुलीपाशी जायची. जेवताना, उठताना, बसताना हेच बोलणं. आमच्यात दुसरं बोलणंच उरलं नव्हतं.

गेलेल्या ट्रकच्या मागे मी सायकलनं जायला लागलो होतो. कुठल्या तरी नाक्यावर गाठायचं, चाकं हाताळायची आणि परत यायचं. एका दुपारी मारोती नावाच्या ड्रायव्हरचा ट्रक राजूरकडे निघाला. मागे खाणीवर जाणारी माणसं बसलेली, त्यांत लेकरं कडेवर घेतलेल्या बायाही होत्या. ते पाहून माझा जीव थाऱ्यावर राहिना. ट्रकच्या आधी पोचायचं म्हणून शेतातल्या पायवाटेनं सायकल दामटली, रस्त्यावर आलो, सायकल फेकली आणि दोन्ही हात वर करून मधोमध उभा राहिलो.

मारोतीनं ब्रेक मारले. टायर करकरले, मागची माणसं एकमेकांवर पडली, बाया ओरडल्या. ट्रक माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. मारोती उडी टाकून खाली आला आणि त्यानं माझी गचांडी धरली.

"मेला असता ना! काहून मरून राह्यला बे?"

"मारोती, तुझं मागचं चाक..."

"काय झालं चाकाले? हे ब्रेक परवा कोनं बसवले? तू. लागले का नाही? तुह्याच ब्रेकनं वाचला तू!"

मला ते ऐकू आलं, समजलंही. तरी त्याचा हात सोडवून मी आधी चाकापाशी गेलो आणि नट चाचपायला लागलो. नट घट्ट होते. मागं वळलो तर मारोतीच्या चेहऱ्यावरचा राग उतरला होता. तो माझ्याकडे असा पाहत होता जसं आपण तापानं बडबडणाऱ्या माणसाकडे पाहतो.

त्यानं गाडी कडेला घेतली आणि माझ्याजवळ बाभळीखाली बसला. "माह्या मेहुण्याले असंच काही झालतं," तो म्हणाला. "तो चाकं नाही पाहे, तो रडे. जेवे नाही, बोले नाही. घरच्यांनं बाहेरचं लागलं म्हनून झाडफूक केली. मंग नागपूरले नेलं. आता शेती करते, हासते, बोलते. तू पागल नाही रशीदभाई. तू बिमार आहे."

त्या दिवशी परतीच्या खेपेत त्यानं माझी सायकल ट्रकवर टाकली, मला घरी आणलं आणि हमीदभाईंना सगळं सांगितलं. भाई आधी रागावले, मग तोंड फिरवून डोळे पुसत उभे राहिले.

घरातली ओढाताण

गावातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नाडी पाहिली. आधी शक्तीचं औषध दिलं. महिन्याभरानं फरक नाही म्हटल्यावर ते सरळ म्हणाले, "हे मनाचं आहे. माझ्या हातातलं नाही. नागपूरला दाखवा."

आमच्याकडे 'नागपूरला नेलं' म्हटलं की लोक एकच अर्थ काढायचे: पागलखाना. हमीदभाईंना काळजी की गॅरेजमध्ये कोण गाडी आणील. मिस्त्रीच पागल म्हटल्यावर त्याच्या हातचा ब्रेक कोण वापरील? त्यांचं चूक नव्हतं. बातमी पांढरकवड्याला पोचली आणि माझे सासरे नसीमला न्यायला आले. मी आतल्या खोलीत होतो, सगळं ऐकत होतो.

"चार महिने माहेरी राहा, मग पाहू," ते म्हणाले.

"अब्बा, यांना टायफॉईड झाला असता तर मला नेलं असतं तुम्ही?"

"टायफॉईड वेगळा."

"बिमारी ती बिमारी. मी यांच्यासंगं नागपूरले जाते. माझी खाला आहे तिथं."

 सासऱ्यांनी मग आम्हाला वरोऱ्यापर्यंत मोटारीत सोबत केली आणि स्टेशनवर आम्हाला आगगाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना खिडकीतून माझा हात दाबला. 

डॉक्टरांनी काय विचारलं

दवाखान्याच्या बाकावर बसलो तेव्हा मी आतल्या दाराकडेच पाहत होतो. गज असतील, साखळ्या असतील असं मनात होतं. तिथं एक खोली होती, टेबल होतं, आणि माझ्यापेक्षा वयानं थोडे मोठे, चष्मा लावलेले डॉक्टर होते. त्यांनी नसीमलाही बसायला खुर्ची दिली. आधी रक्त तपासायला पाठवलं, मग रबरी हातोडीनं गुडघा ठोकला. मी म्हणालो, "आम्हीपण चाक असंच ठोकून पाहतो." ते हसले. मग म्हणाले, "आता तुमचं चाक ठोकून पाहू," आणि प्रश्न विचारायला लागले.

"ही शंका मनात कोण घालतं? कुणाचा आवाज ऐकू येतो?"

"नाही जी. माझंच मन बोलते."

"नट सैल असेल हे तुम्हाला खरं वाटतं?"

मी विचार केला. "नाही. घट्ट आहे हे मला माहीत असते."

"मग परत का बघता?"

"नाही पाहिलं तर छाती फुटंल असं वाटते. पाहिलं की घडीभर बरं वाटते. मग पुन्हा येते."

मग त्यांनी झोप, भूक, कामातली गोडी याबद्दल विचारलं. घराण्यात कुणाला असं होतं का, दारू, ताप, डोक्याला मार. नसीमला वेगळं विचारलं, माझ्यासमोरच. कुणी माझ्यावर पाळत ठेवतं असं मी म्हणतो का? एकटाच हसतो का? ती प्रत्येक वेळी मान हलवून "नाही" म्हणत होती. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रशीदभाई, मरून जावं असं कधी वाटलं?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. हमीदभाईंनी नाही, भाभींनी नाही. विचारायची सगळ्यांना भीती वाटत होती आणि मला सांगायची. मी खाली पाहत म्हणालो, "झोपलो की उठूच नये असं वाटते. रोजच."  शेजारी नसीमनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर घाई न करता थांबले. मी रडलो, पोटभर रडलो, आणि रडताना एकदाही मला नट आठवले नाहीत.

मग त्यांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, ते मला तेव्हा उच्चारता आलं नाही. मराठीत म्हणाले, "नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो आणि तो शांत करायला एकच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. तुम्हाला तो विचार खोटा आहे हे कळतं, यावरूनच मी हा आजार ओळखतो. तुम्ही वेडे नाही. यानं उदासीही आली आहे, तीही आजाराचाच भाग आहे."

"साहेब, पण एक्स-रेचा फोटो काढल्याशिवाय कसं कळलं?"

"हा फोटोत दिसत नाही. विचारूनच कळतो. म्हणून तर इतका वेळ विचारलं."

"आणि काळजी घेणं चूक आहे का? ब्रेकचं काम आहे माझं. माणसं मरतात."

हा माझा खरा प्रश्न होता. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. म्हणाले, "तुमचे भाऊ नट आवळतात, तपासतात, आणि जेवायला बसतात. ती काळजी. तुम्हाला जेवता येत नाही. हा आजार."

वॉर्डात

मला काही आठवडे ठेवून घेतलं. सकाळी घंटा, मग ॲल्युमिनियमच्या मगात चहा, मग गोळ्या. त्या गोळ्यांनी झोप यायची, तोंड कोरडं पडायचं. दुपारी नसीम तिच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घरून डबा आणायची. माझ्या शेजारच्या खाटेवर दारव्ह्याकडचे एक गुरुजी होते. ते शंका काढत नव्हते, कुणाला घाबरतही नव्हते. फक्त भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. त्यांच्या पलीकडे एक तरुण होता, त्याला रिकाम्या जागेतून बोलणं ऐकू यायचं. बाहेर गावात आम्हा तिघांना एकच शब्द होता, पागल. आत तिघांची औषधं वेगळी, तिघांना विचारलेले प्रश्न वेगळे. हे पाहून मला फार धीर आला. म्हणजे डॉक्टरांना आमच्यातला फरक कळत होता.

गुरुजी हळूहळू बसायला लागले. एकदा त्यांनी मला वॉर्डाची कडी पुन्हा पुन्हा बघताना पाहिलं आणि स्वतःहून पहिलं वाक्य बोलले, "लागली आहे हो. तुम्ही इकडे या, माझ्याशी बोला." मी गेलो. त्यांना बोलायला माणूस झाला आणि मला कडीपासून लांब बसायला कारण मिळालं.

डॉक्टरांनी मला खोटी आशा दाखवली नाही. "या आजारावर माझ्याकडे आज पक्कं औषध नाही," ते म्हणाले. "गोळ्यांनी भीती थोडी बोथट होईल. बाकी काम तुम्हाला करावं लागेल. एकदाच बघायचं. नंतर जी भीती येईल ती येऊ द्यायची. ती वर चढते आणि तिची ती उतरते. तुम्ही तिला आजवर उतरूच दिलं नाही." नसीमला त्यांनी वेगळंच औषध सांगितलं: मी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. "तुम्ही 'हो' म्हणता तेव्हा त्यांना नाही, आजाराला खायला घालता." तिला ते फार जड गेलं. मी कळवळून विचारायचो आणि ती डब्याचं झाकण लावत दुसरीकडे बघायची. पुढे तिनं मला सांगितलं, त्या दिवसांत ती खालाच्या घरी जाऊन रडायची.

डॉक्टरांची मोटार

एके दिवशी डॉक्टरांनी मला आवारात नेलं. झाडाखाली त्यांची जुनी मोटार उभी होती. जॅक आणि पाना बाहेर काढून ठेवलेले.

"पुढचं चाक काढा आणि परत बसवा. नट एकदा आवळा. मग पाना माझ्याकडे द्या."

मी बसवलं.  शेवटचा नट आवळला आणि पुन्हा पहिल्याकडे हात गेला. ते म्हणाले, "पाना."

मी पाना दिला. त्यांनी तो मोटारीत टाकला. "आज मी बायको-मुलांना घेऊन कामठीला जाणार आहे. याच गाडीनं."

"साहेब, जाऊ नका," मी हात जोडले. "दुसऱ्या कुणाला पाहू द्या."

"मी गाडीत मुलं बसवणार आहे, रशीदभाई. माझा विश्वास नसता तर बसवली असती का?"

मोटार फाटकातून गेली. मी धावलो नाही, कारण गुरुजींनी माझा दंड धरला होता. ते खिडकीतून पाहत होते आणि कधी खाली आले ते मला कळलंही नाही. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. छातीत भट्टी पेटली होती. डोळ्यांपुढे कामठीचा रस्ता, उलटलेली मोटार, लहान मुलं. गुरुजी शेजारी बसून राहिले. त्यांच्या शाळेतल्या पोरांच्या गोष्टी सांगत राहिले, मी ऐकत नाही हे कळत असूनही. आणि मग कधीतरी माझ्या लक्षात आलं, एक गोष्ट मी खरंच ऐकली होती आणि तिच्यावर हसलो होतो. भट्टी विझली नव्हती, पण जाळ खाली बसला होता. मी चाक पाहिलं नव्हतं, कुणी मला "नक्की" म्हटलं नव्हतं, तरी भीती खाली बसली होती.

सकाळी डॉक्टर राउंडला आले. चाकाबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आमच्या दोघांच्या लक्षात आलं की मी विचारलं नाही.

त्या माणसानं स्वतःची मुलं माझ्या हातानं बसवलेल्या चाकावर नेली. एवढा भरवसा मला तेव्हा माझ्या स्वतःवरही नव्हता. अशी दुवा मी रोज पाच वेळा मागतो की त्यांची मुलं सुखात राहोत.

परत वणीला

घरी आलो म्हणजे बरा झालो असं नाही. गॅरेजमध्ये हमीदभाईंनी पद्धत ठरवली: मी नट आवळायचे, त्यांनी एकदा पाहायचं, गाडी सोडायची. प्रत्येक गाडीला हेच, माझ्यासाठी वेगळं काही नाही. पहिला ट्रक मारोतीनंच आणला. इतर दोघा-तिघांनी काही महिने गाड्या दुसरीकडे नेल्या. मारोती त्यांना चहाच्या टपरीवर म्हणायचा, "मी त्याच्या ब्रेकसमोर त्यालेच उभा करून पाह्यलं आहे. तुमचा काय तपास आहे?" हळूहळू तेही परत आले.

शंका अजून येते. पेरणीच्या दिवसांत काम वाढलं, झोप कमी झाली की जास्त येते. मध्ये एकदा फारच वाढली तेव्हा मी लाजलो नाही, सरळ नागपूरला जाऊन आलो. तुमच्या घरात असं कुणी असेल, कुणी सारखं हात धुत असेल, कुणी कारण नसताना धास्तावत असेल, कुणी भिंतीकडे तोंड करून पडत असेल, तर त्याला रागावू नका आणि लपवूही नका. विचारणाऱ्या माणसाकडे न्या. बोललं की आजार अर्धा ओळखू येतो.

मी बरा व्हायला लागलो हे मला आधी कळलं नाही, नसीमला कळलं. एका संध्याकाळी मी जेवत होतो, ती भाकऱ्या टाकत होती. दुपारी कोळशाचा ट्रक पाठवला होता, शंका आली होती, आली तशी बसली होती. मी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला आणि म्हणालो, "भाजीत मीठ जास्त झालं आज."

नसीमचा हात तव्यावरच थांबला. मला वाटलं, तिला वाईट वाटलं.

"थोडंसंच," मी म्हणालो.

"रोजच तर कमी-जास्त होऊन राह्यलं," ती म्हणाली. "मी मुद्दाम पाहत होती. एकदा मीठ टाकलंच नव्हतं, तरी तुम्ही खाल्लं. आज तुम्हाले चव लागली."

आणि ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि तव्यावरची भाकरी करपली. आम्ही ती करपलेली भाकरी अर्धी अर्धी करून खाल्ली.